सेंट्रल पार्कातलं फुकट शेक्सपिअर: पहिल्यांदा जाणार असाल तर हे वाचून जा

मे संपत आला की न्यू जर्सीत एडिसनमधल्या आमच्या ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, अगं ते पार्कात फुकट नाटक असतं म्हणे, तिकिटं कुठे मिळतात? मग मी तेच तेच परत टाइप करत बसते, अर्धं सांगायचं राहून जातं, आणि ती मंडळी शनिवारी सकाळी आरामात दहाला पोचतात आणि हात हलवत परत येतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतेय. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत नवीन आला असाल, किंवा दहा वर्षं इथे राहूनही कधी गेला नसाल (असे खूप आहेत, लाजू नका), तर तुमच्यासाठी.

आधी हे प्रकरण काय ते थोडक्यात. मॅनहॅटनच्या सेंट्रल पार्कात डेलाकॉर्ट नावाचं उघडं थिएटर आहे, साधारण १,८०० खुर्च्या, वर छप्पर नाही, मंचामागे टर्टल पाँड नावाचं तळं आणि त्याच्या वर खडकावर बेल्व्हेडिअर कॅसल, म्हणजे नेपथ्यावर एक पैसा खर्च केला नाही तरी चालेल अशी जागा. पब्लिक थिएटर ही संस्था तिथे उन्हाळ्यात नाटकं करते, बहुतेक शेक्सपिअर, आणि तिकीट शून्य डॉलर. हे थिएटर १९६२ साली उघडलं, पहिलं नाटक मर्चंट ऑफ व्हेनिस. मध्ये दुरुस्तीसाठी बंद होतं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ट्वेल्फ्थ नाइटने परत सुरू झालं. आता बाहेरून जे लाकूड दिसतं ना, ते न्यूयॉर्कच्या बिल्डिंगांच्या गच्चीवर पाण्याच्या जुन्या लाकडी टाक्या असतात त्यांचं आहे. गेलात की हात लावून बघा.

आणि हे फुकट का, तर जोसेफ पॅप नावाचा माणूस होता, १९५४ मध्ये त्याने हे सगळं चालू केलं, त्याचं म्हणणं असं की लायब्ररी जशी सगळ्यांना फुकट तसं नाटक पण असायला पाहिजे. सुरुवातीला तो ट्रकवर स्टेज घेऊन शहरभर फिरायचा, ट्रक सेंट्रल पार्कात येऊन बंद पडला आणि मुक्काम तिथेच पडला असं सांगतात. १९५९ मध्ये पार्क खात्याचा प्रमुख रॉबर्ट मोझेस अडून बसला की लोकांमुळे गवत खराब होतं, तेव्हा तिकीट लावा आणि गवताचे पैसे भरा. गवताचे! पॅप कोर्टात गेला, अपिलात जिंकला, तिकीट लागलं नाही ते आजपर्यंत नाही. मी लाइनीत कंटाळले की त्या गवताकडे बघते आणि हे आठवून बरं वाटतं.

आता कामाचं.

एक. दिवस कुठला निवडायचा

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. सीझन साधारण मे-जून ते ऑगस्ट, कधी पुढेमागे, तारखा दरवर्षी वेगळ्या, त्या पब्लिक थिएटरच्या वेबसाइटवर येतात. आपण काय करतो, ऑगस्ट उजाडेपर्यंत आज जाऊ उद्या जाऊ करतो आणि शेवटच्या वीकेंडला धावतो, तेव्हा अख्खं शहर तेच करत असतं. नाटक सुरू झालं की पहिल्या एक-दोन आठवड्यांतला मधला वार धरा, मंगळवार, बुधवार. पेपरात परीक्षण यायच्या आधी गेलात तर गर्दी थोडी कमी. ऑफिसला एक सुट्टी टाकावी लागेल, टाका, घरून काम आहे म्हणून लाइनीत लॅपटॉप उघडून बसलेले लोक मी दर वेळी बघते पण त्यांच्या चेहऱ्यावर सुख नसतं.

दुसरं म्हणजे नाटकात कोण आहे ते बघा. इथे मोठी मोठी नावं फुकटात दिसतात, मेरिल स्ट्रीप १९७८ मध्ये, डेन्झेल वॉशिंग्टन १९९० मध्ये, अल पचिनो २०१० मध्ये, आणि २०२५ ला लुपिता न्योंगो, सँड्रा ओ, पीटर डिंकलेज एकाच नाटकात. असं काही असलं की लाइन दुप्पट धरून चाला. पहिलाच अनुभव असेल तर मी म्हणेन स्टार नसलेलं नाटक घ्या, नाटक तेवढंच चांगलं असतं आणि झोप दोन तास जास्त मिळते.

दोन. तिकिटाचे रस्ते

रस्ते पाच-सहा आहेत आणि त्यांचे बारीक नियम दर सीझनला बदलतात, त्यामुळे जायच्या आदल्या रात्री वेबसाइट परत एकदा बघायचीच.

पहिला मोबाइलवरची लॉटरी. ज्या दिवशी प्रयोग त्या दिवशी नाव टाकायचं, दुपारी कळतं. हे म्हाडाच्या सोडतीसारखं आहे, भरायला काही लागत नाही म्हणून भरत राहायचं, लागेल या भरवशावर पाहुण्यांना शब्द द्यायचा नाही. मी एका सीझनला वीस-बावीस वेळा भरलं, एकदा लागलं, तेव्हा आम्ही पेनसिल्व्हेनियात होतो.

दुसरा डाउनटाउनला पब्लिक थिएटरच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये, लाफायेट स्ट्रीटवर, तिथे जाऊन नाव द्यायचं आणि तिथल्या तिथे सोडत. तिसरा, ब्रॉन्क्स, क्वीन्स, ब्रुकलिन, स्टेटन आयलंड अशा ठिकाणी ठरलेल्या दिवशी लायब्ररीत वगैरे तिकिटं वाटतात. क्वीन्सला राहत असाल तर हा रस्ता चांगला, पार्कापेक्षा गर्दी कमी. चौथा, संध्याकाळची स्टँडबाय लाइन, म्हणजे जे आलेच नाहीत त्यांच्या जागा शेवटच्या क्षणी देतात. पाचवा, देणगी द्यायची आणि जागा राखून घ्यायची, ते ज्याचं त्याने बघावं, त्यात वाईट काही नाही पण मग फुकट कसलं.

आणि मुख्य रस्ता म्हणजे पार्कातली लाइन. प्रयोगाच्या दिवशी दुपारी बाराला डेलाकॉर्टपाशी तिकिटं वाटतात, एका माणसाला दोन. बाकी सगळं नशीब, ही एकच गोष्ट आपल्या हातात आहे. मी इथूनच जाते.

तिकीट विकत घेऊ नका. ऑनलाइन कोणी ना कोणी विकायला बसलेलं असतंच, ते नियमात बसत नाही आणि दारात अडकलात तर पैसे पण गेले आणि नाटक पण.

तीन. लाइन

इथे थोडी थांबते, कारण सगळा खेळ इथेच आहे.

पार्क रात्री एक ते सकाळी सहा बंद असतो. म्हणजे सहाच्या आधी आत जाऊन बसता येत नाही, लाइन बाहेर फुटपाथवर लागते, सेंट्रल पार्क वेस्ट आणि ८१ स्ट्रीटच्या गेटपाशी. सहा वाजले की तिथले लोक सगळ्यांना त्याच क्रमाने आत घेऊन जातात, आणि मग थिएटरपासून मागे वाटेच्या कडेने झाडाखाली लाइन पसरते. तिथे चटई टाकायची आणि बाराची वाट बघायची.

मी मूळची कुडाळची. आमच्याकडे जत्रेला रात्री दशावतार असायचा, देवळाच्या पटांगणात, आणि संध्याकाळीच पोरांना गोणपाट देऊन पाठवायचे की जा पुढे जागा धरून ये. एका पोराने आख्ख्या आवाठाची, म्हणजे वाडीची, जागा धरायची. आणि यष्टीत खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडायची कला तर सगळ्या महाराष्ट्राला येते. तर सांगायचं हे की इथे रुमाल चालत नाही. दुसऱ्यासाठी जागा धरायची नाही, मागून येऊन "माझे मिस्टर पुढे आहेत" म्हणत घुसायचं नाही, लाइन बघणारी माणसं फेऱ्या मारत असतात, आणि ती नसली तरी मागची न्यूयॉर्ककर आजी पुरेशी असते. बाथरूमला जाऊन यायला, कॉफी आणायला हरकत नसते, शेजाऱ्याला सांगून जायचं आणि लवकर यायचं. दोन तास गायब झालात तर जागा गेली.

पहिल्या वेळी मी काय केलं ते सांगते म्हणजे तुम्ही करणार नाही. शनिवार, शेवटचा आठवडा, सासूबाई इंडियातून आलेल्या, त्यांना म्हटलं चला तुम्हाला मस्त नाटक दाखवते. साडेनऊला पोचलो, म्हटलं बाराला वाटतात तर अडीच तास आधी खूप झालं. लाइनीचं शेवटचं टोक कुठे आहे हे शोधण्यातच पंधरा मिनिटं गेली. लाइनीवरचा मुलगा आला, अगदी गोड बोलला, की मॅम तुम्ही बसू शकता पण मला नाही वाटत इथपर्यंत तिकिटं पोचतील. आम्ही बसलो, कारण सासूबाई म्हणाल्या एवढं आलोय तर बसूया. पावणेएकला तो परत आला आणि नुसती मान हलवली. सासूबाई परतीच्या ट्रेनमध्ये एवढंच म्हणाल्या, "बालगंधर्वला फोन करून ठेवता यायचं."

म्हणून तो मुलगा किंवा मुलगी जे सांगते ते ऐका. रोज तेच काम असतं, त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. नाही म्हणाले तर उठा, म्युझियमला जा, दिवस फुकट घालवू नका.

मग किती वाजता जायचं? मधला वार, नेहमीचं नाटक असेल तर मी सहा-सव्वासहाला पार्काच्या गेटवर असते आणि आजवर मिळालंय. नाव मोठं असेल तर पाचच्या आत. वीकेंडला मी जातच नाही.

आता एडिसनहून सहाला पोचायचं म्हणजे ट्रेनचं गणित करावं लागतं, नॉर्थईस्ट कॉरिडॉर लाइनने पेन स्टेशनला तासभर लागतो, पहिली गाडी कितीला ते आदल्या दिवशी बघा. मी तर आदल्या रात्री जर्सी सिटीला मैत्रिणीकडे झोपायला जाते, पाथ ट्रेन चोवीस तास चालू असते. पेन स्टेशनवरून सबवेची अपटाउन सी ट्रेन पकडायची (पहाटे साधारण सहाच्या आधी ती नसते, तेव्हा ए पकडा, त्या वेळी ती सगळ्या स्टेशनांना थांबते) आणि ८१ स्ट्रीट म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीला उतरायचं. दिवसा ए ट्रेन पकडू नका, ती एक्स्प्रेस, ५९ स्ट्रीटनंतर एकदम १२५ ला थांबते, हार्लेममध्ये उभं राहून सूर्योदय बघावा लागेल. (बघितलाय.) बी ट्रेन पण ८१ ला थांबते पण वीकेंडला नसते.

आणि आता जे सांगते ते आई-बाबा आलेल्या सगळ्यांनी लक्षात ठेवा. ६५ च्या वरच्या लोकांची आणि ज्यांना उभं राहणं, चालणं जमत नाही त्यांची वेगळी लाइन असते, बाकं असतात, वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट किंवा फोटो असलेलं आयडी लागतं. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना सहा महिने आपण मॉल आणि कॉस्टको दाखवत बसतो. त्यांना इथे आणा. एकटं मात्र सोडू नका, कोणीतरी बरोबर असू दे.

चार. बरोबर काय न्यायचं

जाड चटई किंवा जुनी चादर, खाली ओल असते. घडीची छोटी खुर्ची आणणारे पण असतात पण ती दिवसभर वागवावी लागते हे विसरू नका. पाण्याच्या दोन बाटल्या, काचेच्या नको. टोपी. डासांचं काहीतरी, तळं बाजूलाच आहे. पॉवर बँक. पातळ स्वेटर, हसू नका, जूनमध्ये रात्री दहाला तिथे गार वारा सुटतो.

खाण्याचं म्हणाल तर लाइनीत बसून फोनवरून सँडविच मागवता येतं, डिलिव्हरीवाले नेमके लाइनीत येऊन नाव पुकारतात, ते बघायला मजा येते. पण आपण धपाटे नाहीतर तिखटमिठाच्या पुऱ्या, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग एवढं घेतलं की सकाळ-संध्याकाळ दोन्ही निघतं. दही-भात नको, जुलैच्या उकाड्यात दुपारपर्यंत तो तुमच्याशी बोलायला लागतो. एक डबा जास्तीचा घ्या, लाइनीत शेजाऱ्यांशी सहा तासांची सोबत असते. माझ्या शेजारी एकदा एक रिटायर्ड शाळामास्तर होता, सत्तरच्या दशकापासून येतोय म्हणाला, भडंग खाऊन डोळ्यात पाणी आलं त्याच्या, तरी परत हात पुढे. त्यानेच मला सांगितलं की लाइन म्हणजे पहिला अंक समजायचा. मध्येच कोणी गिटार घेऊन येतं, कोणी सॉनेट म्हणून दाखवतं आणि डॉलर मागतं. दिलात तर छान.

पाच. दुपारी बारा ते रात्री आठ

तिकीट हातात, नाटक रात्री आठला. मधल्या आठ तासांचं काय हे कोणीच सांगत नाही.

समोरच नॅचरल हिस्टरी म्युझियम आहे. न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेटिकटच्या रहिवाशांना तिथे काउंटरवर आपल्या मनाला येईल तेवढे पैसे देऊन जाता येतं, पत्त्याचा पुरावा ठेवा. एसी आहे, बाकं आहेत, छताला टांगलेल्या देवमाशाच्या मॉडेलखाली जमिनीवर आडवे पडलेले लोक पण असतात, मी पण पडलेय. पार्काच्या पूर्वेला मेट म्युझियम आहे पण तिथे ती सवलत न्यू जर्सीच्या सगळ्यांना नाही, फक्त विद्यार्थ्यांना, तर तिथे जाऊन वाद घालू नका.

तिकीट जपून ठेवा. पर्समध्ये, एकाच कप्प्यात. बरोबरचा माणूस ऑफिस सुटून परस्पर येणार असेल तर थिएटरच्या बाहेर रोमिओ-ज्युलिएटचा ब्रॉन्झचा पुतळा आहे तिथे भेटायचं ठरवा. टेम्पेस्टचा पण एक आहे, म्हणून नुसतं "पुतळ्यापाशी" म्हणू नका. साडेसातला आत. बाथरूम आधी उरकून घ्या, काही नाटकांना इंटर्व्हलच नसतो.

सहा. पण ते इंग्लिश कळेल का?

खरा प्रश्न हा असतो, लोक विचारत नाहीत एवढंच. मी पण इंजिनिअरिंगवाली, शेक्सपिअर शाळेत एका धड्यापुरता.

खरं सांगू? पहिली दहा-पंधरा मिनिटं काही कळत नाही. घाबरायचं नाही. शेजारचा अमेरिकन पण तेवढाच हरवलेला असतो, फक्त तो मान डोलवतो. मग कान हळूहळू बसतो, आणि नट चांगले असले की शब्द नाही कळला तरी कोण कोणावर चिडलंय, कोण खोटं बोलतंय हे कळतं. ट्वेल्फ्थ नाइटमध्ये तर ती बहीण-भाऊ मध्ये मध्ये स्वाहिलीत बोलत होती, कोणाला शब्द कळला नाही आणि सगळ्यांना कळलं.

पण एक करायचं, गोष्ट आधी माहीत करून जायचं. हे काय रहस्यनाट्य नाहीये, शेवट कळला म्हणून मजा जात नाही, आपण रामायण बघतो तेव्हा रावण मरतो हे माहीत असतंच की. आणि मराठी माणसाला हे सोपं आहे कारण शेक्सपिअर आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वीच आलाय, आगरकरांनी हॅम्लेट विकारविलसित म्हणून १८८३ मध्ये केलं, देवलांनी ऑथेल्लोचं झुंझारराव केलं, आणि किंग लिअर बघायला जाणार असाल तर शिरवाडकरांचं नटसम्राट आठवा, मुलांना सगळं वाटून टाकलेल्या म्हाताऱ्याची गोष्ट मुळात तिथलीच. घरच्यांशी ट्रेनमध्ये मराठीतून गोष्ट बोलून घ्या, कोण कोणाचा भाऊ, कोण वेष बदलून येतं. तेवढं पुरतं.

२०२३ ला हॅम्लेट होतं, त्या सीझनला कॅनडातल्या वणव्यांचा धूर शहरभर पसरला होता त्यामुळे सुरुवातीचे प्रयोग रद्द झाले होते. आम्ही नंतर जुलैमध्ये गेलो, बाबा आले होते, वय बहात्तर, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, इंग्लिश नाटक पहिलंच. मला धाकधूक की झोपतील. आठला सुरू होतं तेव्हा लख्ख उजेड असतो, सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, आणि मग अर्ध्या तासात मागचं तळं, झाडं, किल्ला सगळं काळं होत जातं आणि फक्त मंच उरतो, हे एसी थिएटरमध्ये नाही मिळत. तर अंधार पडला, आणि ते स्वगत आलं, जगायचं का मरायचंवालं. बाबा पुढे वाकले. हाताने माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांना वाटलं हळू आवाजात, मराठीतून बरोबर बोलायला लागले, अप्पासाहेब बेलवलकरांच्या चालीवर. पुढच्या रांगेतल्या बाई वळल्या. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं तर त्या बाबांकडे बघून हसल्या आणि परत वळल्या. त्याच्यानंतर पाच मिनिटांत एक रकून मंचाच्या कडेने निवांत चालत गेला आणि अख्ख्या थिएटरचं लक्ष उडालं, नट बिचारा मरणावर बोलतोय आणि आम्ही शेपटी बघतोय. रकून तिथे नेहमीचेच, हेलिकॉप्टर पण, नटांना सवय असते.

ऐकायला कमी येणाऱ्यांसाठी काही ठरावीक प्रयोगांना मंचाजवळ संवाद लिहून दाखवतात. मी तर म्हणते आपल्यासारख्यांनी मुद्दाम तोच प्रयोग निवडावा, वाचलं की निम्मं इंग्लिश सुटतं.

सात. पाऊस

छप्पर नाही, म्हणजे भिजायची तयारी. पाऊस येईल असं वाटतंय म्हणून आधी रद्द करत नाहीत, आठ वाजेपर्यंत आणि नंतर पण वाट बघतात. आणि रद्द झालंच तर उद्याचं तिकीट मिळत नाही. आत छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून, तेव्हा रेनकोट किंवा तो डॉलर स्टोअरमधला प्लास्टिकचा पोंचो. रिमझिम असली तर नाटक चालू राहतं, जास्त झाला की थांबवतात, नट आत जातात, मग पाऊस थांबला की काळ्या कपड्यातले लोक टॉवेल आणि मॉप घेऊन येतात आणि मंच पुसायला लागतात आणि प्रेक्षक त्यांच्यासाठी नाटकापेक्षा जोरात टाळ्या वाजवतात. पावसात लोक उठून जातात. तुम्ही जाऊ नका. कोकणात, मुंबईत पावसाळे काढलेत, एवढ्याने काय होतंय.

आठ. परत येताना

संपायला साडेदहा-अकरा होतात. गर्दीबरोबर चालत ८१ स्ट्रीटच्या गेटला या, वाट दिव्यांची आहे, झाडीतून शॉर्टकट नको. रात्री उशिरा सी ट्रेन बंद होते पण तेव्हा ए ट्रेन सगळ्या स्टेशनांना थांबते, म्हणजे सकाळी जिला शिव्या दिल्या तीच घरी आणते. पेन स्टेशनवरून रात्री गाड्या लांब लांब अंतराने असतात, एक चुकली तर तासभर पुतळ्यासारखं उभं राहायचं, म्हणून वेळापत्रकाचा स्क्रीनशॉट ठेवा. लहान मुलं असतील तर ती सकाळपासून रात्रीपर्यंत टिकणार नाहीत, पाच-सहा वर्षांच्या पोराला घेऊन ही सर्कस करू नका.

आणि तिकीट मिळालंच नाही तर, किंवा लाइनीची इच्छाच नसेल तर

डेलाकॉर्ट म्हणजे सगळं नाही. हार्लेमला मार्कस गार्वी पार्कात क्लासिकल थिएटर ऑफ हार्लेम उन्हाळ्यात फुकट नाटक करतं, नाच-गाणं भरपूर, तिथे पहाटेची भानगड नाही. जर्सी सिटी, होबोकेनच्या पार्कांत हडसन शेक्सपिअर कंपनी फिरत असते, आपल्या नदीच्या बाजूलाच, घडीची खुर्ची टाकली की झालं. बॉस्टनला कोणी असेल तर तिथे बॉस्टन कॉमन नावाच्या पार्कात बऱ्याच वर्षांपासून फुकट प्रयोग होतात, तिकीट वगैरे नाहीच, गवतावर चादर टाकायची, आणि तिथे मात्र लवकर येऊन चादर टाकली की जागा आपली, म्हणजे आपल्या जत्रेचाच हिशोब.

आणि लहान मुलं असतील तर न्यूयॉर्क क्लासिकल थिएटर बघा. सेंट्रल पार्काच्या वरच्या बाजूला १०३ स्ट्रीटकडे आणि डाउनटाउनला बॅटरी पार्कात वगैरे असतात त्यांचे प्रयोग. एक प्रवेश या झाडाखाली, मग नट चालायला लागतात आणि प्रेक्षकांनी मागे मागे जायचं, पुढचा प्रवेश त्या टेकडीवर. तिकीट नाही, खुर्ची नाही. माझी सहा वर्षांची मुलगी पूर्ण वेळ सगळ्यात पुढे, राजाच्या झग्याच्या मागे मागे, मीच मागे राहिले कारण मी हौसेने कोल्हापुरी घालून गेले होते आणि ओल्या गवतात पट्टा तुटला. तिथे बूट घालून जा.